फक्त छोट्या विनोदी भूमिका करून लक्षात राहिलेला तुमचा आवडता कलाकार कोण?

विजू खोटे. दुसरं नाव सुचतच नाही मला.

आम्ही सोलापूरचे. गल्लीत कल्लप्पा नावाचे एक काका, चादरीच्या कारखान्यात कामाला, त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाला माहीत नसेल, सगळे कालियाच म्हणायचे. कालिया म्हणजे शोले पिक्चरमधला डाकू गब्बरचा माणूस, विजू खोटेंनी केलेला. शोले आला १९७५ ला आणि मी हे ऐकत मोठा झालो नव्वदीत, म्हणजे बघा.

विजू खोटेंच्या घरातच अभिनय होता म्हणा, वडील नंदू खोटे नट, बहीण शुभा खोटे, अभिनेत्री दुर्गाबाई खोटे नात्यानं काकू.

लोक कालियाचं ते 'सरदार, मैंने आपका नमक खाया है' एवढंच धरून बसतात, पण खरी गंमत त्याच्या जरा पुढं आहे. गब्बर कालियासकट आपल्याच तीन माणसांवर पिस्तुलाचा चाप ओढतो, पण तिघांनाही गोळी लागत नाही आणि गब्बर हसायला लागतो, तेव्हा कालियाचं तोंड बघा. आधी आपण वाचलो का नाही हेच कळंना, मग सरदार हसतोय म्हणून भीतभीत हसणं, मग सुटलो बाबा म्हणून मोकळं हसणं, आणि तेवढ्यात खेळ खलास. एवढ्या हसण्यात डायलॉग एक नाही.

हे किती अवघड असतं ते मला गणपतीत कळलं. मंडळाचं नाटक, मी हवालदार, चार वाक्यं. तालमीत तो पंच पन्नास वेळा ऐकलेला, त्यामुळं हिरोनं टाकायच्या आधीच मी फिसकन हसलो आणि पब्लिक एकदम गप्प. बसवणारे दादा नंतर म्हणले, "तुलाच आधी कळलं तर लोकांनी कशाला हसायचं बे?"

विजूभाऊ ते कधीच आधी कळू द्यायचे नाहीत. अंदाज अपना अपना (१९९४) मधला रॉबर्ट घ्या, 'गलती से मिस्टेक' असं म्हणताना आपण काही विनोदी बोलतोय हे त्या रॉबर्टच्या गावीच नसतं! थेटरात तो पिक्चर फार चालला नाही, टीव्हीवर मात्र पाठ झाला लोकांना. अशी ही बनवाबनवी पिक्चरमधला बळी, जबान संभालके मालिकेतला मराठी विद्यार्थी, सगळीकडं तोच भाबडा सिरियसपणा.

३० सप्टेंबर २०१९ ला ते गेले. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी नुसतं 'कालिया गेले' एवढंच टाकलं आणि निम्मी गल्ली काकांच्या दारात. काका आपले शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात बसलेले, एवढी माणसं बघून म्हणले, "काय झालं बे, कोण गेलं?"