कॅनडातल्या मासिकाला पूर्ण लेख पाठवावा की आधी विचारावं?

तुमचा प्रश्न असा आहे: कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात राहता, भारतातून येणारे विद्यार्थी आणि तिथल्या कॉलेजांचं अर्थकारण यावर ‘द वॉलरस’सारख्या स्वतंत्र मासिकात लिहायचंय, तर लेख पुरा करून पाठवावा का?

नको. आपल्याकडे दिवाळी अंकाला हस्तलिखित थेट धाडतात. तिकडे दीर्घ पत्रकारी लेखासाठी आधी तीन-चारशे शब्दांची ‘पिच’, म्हणजे लेखाचा प्रस्ताव, जाते. ती बहुधा एकाच कारणाने परत येते: त्यात विषय असतो, गोष्ट नसते. ‘परदेशी विद्यार्थ्यांचे प्रश्न’ हा झाला विषय. जानेवारी 2024 मध्ये ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, नव्या स्टडी परमिटवर (परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षण-परवान्यांवर) मर्यादा घातली, त्या वर्षापुरती सुमारे 3,60,000, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 35 टक्के कमी. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या एखाद्या गावातल्या कॉलेजात कोणते अभ्यासक्रम बंद झाले, ते कुणी ठरवलं, घरं भाड्याने देणाऱ्यांचं काय झालं, ही गोष्ट. पिचमध्ये ती सांगा. कोण बोलायला तयार आहे, कोणती कागदपत्रं हातात आहेत आणि त्याच मासिकाने यावर आधी काय छापलंय हेही लिहा. शेवटचं न बघता पाठवलेली पिच संपादकाला लगेच कळते.

मासिकही पारखून निवडा. ‘वॉलरस’ (2003) धर्मादाय संस्थेमार्फत चालतं. कॅनडात अशा संस्थेला कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा वा विरोध करता येत नाही, त्यामुळे ‘अमुक पक्षाला पाडा’ थाटाचा लेख तिथे कितीही चांगला लिहिला तरी व्यर्थ. धोरणावर टीका मात्र हवी तेवढी करा. ‘धिस मॅगझिन’ (1966) आणि रेजायना शहरातलं ‘ब्रायरपॅच’ (1973) उघडपणे डाव्या वळणाची आहेत.

नवखे लोक हमखास अडखळतात ते अधिकार कुणाचा यावर. परमिट ओटावा देतं. पण परदेशी विद्यार्थी कुठल्या कॉलेजने घ्यावेत आणि सरकारी कॉलेजला अनुदान किती, हे प्रांत ठरवतो. म्हणून सरकारकडून माहिती मागण्याचे अर्जही दोन ठिकाणी. केंद्राच्या कायद्याखाली अर्जाला 5 डॉलर, उत्तराची मुदत 30 दिवस, पण ती वाढवून घेतली जाते आणि सर्रास वाढते. आपल्या दहा रुपयांच्या माहिती अधिकारासारखंच हे, रखडण्यासकट. अर्ज करायला नागरिकत्व लागत नाही, कॅनडात हजर असणं पुरतं. नागरिक किंवा कायम रहिवासी नसाल तर पुण्यात बसून मात्र करता येणार नाही. ओंटारिओची सरकारी कॉलेजं प्रांताच्या कायद्याखाली येतात, खासगी येत नाहीत. अर्ज टाकण्याआधी, इतरांच्या अर्जांवर पूर्वी दिलेल्या कागदपत्रांची केंद्राची यादी चाळा. त्यातले कागद फुकट मागता येतात आणि महिने वाचतात.

आता तथ्यतपासणी. अशा मासिकांत लेखकाहून वेगळा माणूस प्रत्येक वाक्य तपासतो: आकडा, आडनावाचं स्पेलिंग, भिंतीचा रंगसुद्धा. तुम्हाला माहिती देणाऱ्यांना तो स्वतः फोन करतो. म्हणून पहिल्या दिवसापासून लेखाची एक तळटिपांची प्रत ठेवा, दर विधानापुढे स्रोत, पान क्रमांक, मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणातली वेळ. संभाषणात तुम्ही स्वतः असाल तर कॅनडाच्या फौजदारी कायद्याप्रमाणे ते ध्वनिमुद्रित करायला तुमची एकट्याची संमती पुरते. सांगून केलेलं बरं, हे माझं मत. मराठीत किंवा पंजाबीत मुलाखत घेतलीत तर मूळ शब्द आणि भाषांतर दोन्ही द्या, तपासणाऱ्याला ती भाषा येत नसते. आणि ज्याने नाव न देण्याच्या अटीवर माहिती दिली, त्याला संपादक व तपासणारा यांना आपली ओळख कळेल याची कल्पना आधीच द्या. ऐनवेळी तो बिथरला की अख्खा परिच्छेद जातो.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला नेमके प्रश्न लेखी पाठवून पुरेसा वेळ द्या. हा नुसता शिष्टाचार नव्हे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या ‘ग्रांट विरुद्ध टोरस्टार’ निकालाने सार्वजनिक हिताच्या जबाबदार वार्तांकनाला बदनामीच्या दाव्यात बचाव दिला. त्यात समोरच्याची बाजू घ्यायचा प्रयत्न झाला का, हे पाहिलं जातं. शुक्रवारी संध्याकाळी ईमेल टाकून सोमवारी सकाळी ‘प्रतिसाद दिला नाही’ लिहिणं तिथे महागात पडेल.

करारात दोन कलमं वाचाच: लेख रद्द झाल्यास मानधनाचा किती हिस्सा मिळेल, आणि ऑनलाइन व संग्रहाचे हक्क कुणाकडे. दुसऱ्या मुद्द्यावरून स्वतंत्र लेखक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते (2006, रॉबर्टसन खटला), तेव्हा मोघम वाक्यावर सही करू नका.

लेख छापून आल्यावर मंडळाच्या फेसबुक ग्रुपवर लिंक टाकायला जाल आणि ती दिसणार नाही. ऑगस्ट 2023 पासून मेटाने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्यांच्या लिंक बंद केल्या आहेत. व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलने पाठवा.