डाएट चार्टच्या आधी किराण्याची यादी

वजन कमी करण्याविषयी येणाऱ्या पत्रांत ‘डाएट चार्ट पाठवा’ ही मागणी सर्वांत जास्त असते. पत्रातून चार्ट मी देत नाही. उंची, कंबरेचा घेर, रक्ताचे अहवाल, चालू असलेली औषधं यांतलं काहीच ठाऊक नसताना दिलेला चार्ट एखाद्याला थेट दवाखान्यात पोहोचवू शकतो. पण आठवड्याचं जेवण कसं ठरवावं आणि त्यासाठी काय, किती विकत आणावं, याबद्दलचा गोंधळ घरोघरी सारखाच दिसतो. म्हणून त्याबद्दलचे प्रश्न आज एकत्र घेते आहे.

प्रश्न : रात्री भात खाल्ल्यानं वजन वाढतं का?

उत्तर : नाही, दिवसभराचं एकूण खाणं गरजेपेक्षा जास्त झालं की वाढतं. वाटीभर भात, घट्ट वरण आणि भरपूर भाजी असं जेवत असाल तर खुशाल जेवा. मधुमेह असेल तर भाताचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली आहे. वजन उतरेल ना?

उत्तर : वजनाला वजन धरलं तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात उष्मांक जवळपास सारखेच असतात. भाकरीला तेल लागत नाही, हा तिचा फायदा. मात्र एका मोठ्या भाकरीत दोन लहान पोळ्यांचं पीठ सहज जातं, तेव्हा संख्या मोजू नका, पीठ मोजा.

प्रश्न : आम्ही घरात चार मोठी माणसं. बाहेरचं खाणं जवळजवळ बंद आहे, साधं घरचंच जेवतो. तरी माझं आणि यजमानांचं वजन हलत नाही. आठवड्याचा तक्ता कसा करू? आमचा महिन्याचा किराणा असा : तेल ५ लिटर, साखर ५ किलो, शेंगदाणे २ किलो, डाळी-कडधान्यं मिळून ३ किलो. (गृहिणी, सातारा)

उत्तर : यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. वजनाचं गणित तिथंच सापडतं, आणि नेमकं तिकडं कुणी बघत नाही. लोक ताटातली पोळी मोजतात, पण वाण्याकडची यादी वर्षानुवर्षं तीच राहते. मुलं लहान होती तेव्हा ठरलेला ५ लिटरचा कॅन मुलं नोकरीला लागली तरी दर महिन्याला येतो, आणि आला की संपतोच.

आता हिशेब करू. ५ लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत रोज २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. वजन उतरवायचं तर त्याहून कमीच हवं. एक ग्रॅम तेल ९ उष्मांक देतं, आणि तेल कोणतंही असो, हा आकडा बदलत नाही. करडई, सूर्यफूल, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, सगळ्यांना तोच. ‘घाण्याचं तेल अंगाला लागत नाही’ असं सांगून दुप्पट भावानं विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. चवीसाठी घ्यायचं तर घ्या, पण मोजून घ्या.

तुमच्या घरी महिन्याला ३ लिटर पुरेत. माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम पडेल. कॅन आणायचा तर आणा, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर तो ठेवू नका. ७०० मिलिलिटर तेल एका बाटलीत काढा, बाटलीवर वार लिहा आणि ती आठवडाभर पुरवा. शुक्रवारीच बाटली रिकामी झाली तर कोणत्या दिवशी तळण झालं, ते घरात सगळ्यांना आपोआप कळेल. फोडणीला पळीऐवजी चमचा घ्या. ही सवय बसायला वेळ लागतो, चवीची तक्रारही होईल, तरी नेटानं करा.

साखरेचंही तसंच. ५ किलो म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिलेलं बरं म्हणते, आणि त्यात बिस्किटांतली, सरबतातली, गुळातली आणि मधातलीही साखर धरायची असते. पाच किलोची अडीच करा. तेल आणि साखर मिळून माणशी रोज दोनशेहून जास्त उष्मांक कमी होतील, आणि तेही कुणाचं पोट न मारता.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगते. डाळी-कडधान्यं ३ किलो म्हणजे माणशी रोज अवघे २५ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तत्त्वांत ८५ ग्रॅम सांगितली आहेत. मांसाहारी घरांत त्याचा काही वाटा अंडी, मासे, चिकन उचलतात. आपल्याकडं वजन कमी करायचं म्हटलं की बाई आधी स्वतःच्या वाटीतली आमटी कमी करते आणि उरलेल्या पोळीबरोबर चहा घेते. त्यानं स्नायू झिजतात, थकवा येतो, चार वाजता भूक खवळते आणि हात फरसाणाच्या डब्याकडं जातो. हे मी रोज बघते आणि रोज मला त्याचं वाईट वाटतं. कृपा करून तेलाचे वाचलेले पैसे मटकी, मूग, चवळी, हरभरा, मसूर यांवर घाला. ३ किलोची यादी ७ किलोवर न्या. पोटाला जड पडू नये म्हणून दोन-तीन महिन्यांत हळूहळू वाढवा.

शेंगदाणे दोनचा एक किलो करा. दाण्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक तेलच असतं. भाजीत मूठभर कूट घातलं म्हणजे वेगळी फोडणी दिल्यासारखंच आहे.

तक्ता यानंतर. सात दिवसांचे चौदा पदार्थ लिहून काढू नका, तो कागद बुधवारपर्यंतही टिकत नाही. फक्त उसळींचे वार ठरवा : सोमवारी मटकी, बुधवारी मूग, शुक्रवारी चवळी. मधल्या दिवशी आमटी, पिठलं किंवा पालकाची पातळ भाजी. कडधान्य आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायचं, रात्री उपसून बांधून ठेवायचं. बाकीचं जेवण त्याभोवती आपसूक बसतं.

मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्त तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा गाऊट (युरिक अ‍ॅसिड वाढून होणारी सांधेदुखी) असेल, तर डाळींचं प्रमाण स्वतः वाढवू नका. आधी डॉक्टरांना भेटा. आणि एवढं करून तीन महिन्यांत दोघांचंही वजन हललं नाही, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

प्रश्न : आमच्याकडं आठवडी बाजार रविवारी. भाजी गुरुवारपर्यंत संपते किंवा सडते, मग बटाटाच उरतो.

उत्तर : टिकण्याच्या क्रमानं खा. मेथी, पालक, कोथिंबीर रविवार-सोमवारी. भेंडी, गवार, वांगी मंगळवार-बुधवारी. कोबी, दुधी, गाजर, बीट, लाल भोपळा गुरुवारनंतर. पालेभाजी न धुता निवडा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा; वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागू नये. माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी हे प्रमाण आहे, आणि बटाटा त्यात धरू नका. चौघांना आठवड्याला अकरा किलो लागते हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. एकदम जमणार नाही. आत्ता जेवढी आणता त्याच्या दीडपट आणायला लागा.

प्रश्न : संध्याकाळच्या भुकेला ‘डाएट चिवडा’ आणि ‘मल्टिग्रेन’ बिस्किटं आणते. ती चालतात का? (नोकरदार, ठाणे)

उत्तर : पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. पहिला शब्द मैदा आणि दुसरा-तिसरा साखर किंवा पामतेल असेल, तर पुढं कितीही धान्यांची नावं असोत, ते मैद्याचं बिस्किटच आहे. दुसरी चलाखी ‘एका सर्व्हिंग’ची. २५ ग्रॅमचे आकडे ठळक असतात, आपण पाकीट संपवतो. नेहमी १०० ग्रॅमचा रकाना वाचा. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर, एवढाच अर्थ. तेलाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

दुकानदार, अ‍ॅप, जाहिरात कुणीही ‘हेल्दी’ म्हटलं तरी विसंबून राहू नका. माल्टच्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं, ते उगाच नाही. भाजलेले फुटाणे पिशवीत ठेवा. सोबत एखादं पेरू किंवा ताक.

प्रश्न : सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घेतल्यानं चरबी वितळते का?

उत्तर : नाही. मोठा चमचाभर मधातून साठेक उष्मांक मात्र पोटात जातात.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची. मैत्रिणींचं बघून तिनं दुपारचा डबा बंद केला आहे.

उत्तर : वाढीच्या वयात उपाशी राहणं मुळीच नको. तिच्या शरीराबद्दल घरात कुणी टोमणे मारत असेल तर ते आजच थांबवा. पाळी चुकत असेल, केस गळत असतील, ती जेवणाचं खोटं सांगत असेल, तर ‘वय आहे, होईल नीट’ म्हणत महिने घालवू नका. बालरोगतज्ज्ञांकडं न्या, गरज पडली तर समुपदेशकांकडंही.

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू. कुणाचं तरी ऐकून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. महिन्यात ४ किलो उतरले म्हणून खूश आहेत. पहाटे घाम येतो, हात थरथरतात. चालू ठेवावं का? (वाचक, लातूर)

उत्तर : अजिबात नाही. आज रात्रीपासून त्यांना जेवायला द्या आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडं घेऊन जा. घाम, थरथर ही रक्तातली साखर फार खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळलं की हे घडतं, आणि झोपेत घडलं तर जिवावर बेतू शकतं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. जेवण आणि औषध यांचा मेळ डॉक्टरच घालतील. पुन्हा तसं झालं तर ग्लुकोमीटरवर साखर बघा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णालयात न्या. डॉक्टरांकडं जाताना गोळ्यांची पाकिटं, साखरेच्या नोंदी आणि ते दिवसभरात किती वाजता काय खातात, हे कागदावर लिहून न्या.