पायवाटेवरची शाळा: आधी सावली बघ

भाऊ, पायवाटेवर झाडांखाली पोरांचा उघड्यावरचा वर्ग भरवायचा म्हणतोस ना? मग बाक कुठे मांडायचे हे ठरवायच्या आधी एप्रिलमध्ये भर दुपारी दोन वाजता त्या पायवाटेवर जाऊन उभा राहा. खान्देशात पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळे सावलीच सगळं ठरवते. पळस फुलला की त्याच्याखाली बसायचा मोह होतो, पण नेमका उन्हाच्या तोंडावर तो निष्पर्ण असतो. आमचा पहिला वर्ग पळसाखालीच मांडला होता; मार्चमध्ये पोरं पाच मिनिटंही बसेनात, फार वाईट वाटलं. कडुनिंबही पानं गाळतो, पण एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरून येतो. वड मिळाला तर सोडू नकोस.

दुसरं म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात थेट रोवलेले बाक वाकडे होणारच. काळी माती उपसून मुरूम भर, चांगला ठोक, मगच दगड बसव. बाकाखाली हात घालण्याआधी विंचू बघायची सवय पोरांना पहिल्याच दिवशी लाव.

झाडांच्या नावांचे फलक कमी ठेव. झाडाला खिळा तर मारूच नकोस. त्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलव, झाडांची अहिराणी नावं त्यांच्याच तोंडून येऊ देत. आणि जमलं तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून ये, गावाने जंगल कसं राखलं ते कळेल.