व्हिडिओ तोडून चित्रं जोडणारी मुलगी

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला अ‍ॅनिमेशनचा क्लास लावला. रंकाळ्यावर दीड मिनिटाचा व्हिडिओ केला आणि आता पुढचा करायचा सोडून त्यातलीच चित्रं कापून कॉम्प्युटरवर एकमेकांवर चिकटवते, प्रिंट काढते. हे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. एक प्रिंट सोबत पाठवतेय. – एक आई, कोल्हापूर

ताई,

पैसे पाण्यात गेलेले नाहीत. तुमचा ए-थ्री प्रिंट तीन दिवस माझ्या टेबलावर आहे. मागे रंकाळ्याच्या पाण्यातला दगडी संध्यामठ, काठानं धावणारी मुलगी आणि तिची सात पावलं एकाच चित्रात. सहा पावलांत चप्पल आहे, सातव्यात नाही. व्हिडिओत चप्पल कधी निसटली हे माझ्या ध्यानातही आलं नसतं. इथं नजर तिथंच अडते. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली सुटी चित्रं, धरल्या तर दीड मिनिटात 2160 होतात. त्यातून नेमक्या सात उचलायच्या, ही नजर आहे. पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, पॅकेजिंग, कापडावरची छपाई, सगळीकडे ती लागते. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी तुमच्याच गावात सिनेमे काढले आणि पोस्टरंही स्वतः केली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आजही पाहायला मिळतं.

आता उणीव सांगतो, कारण ती भरून निघण्यासारखी आहे. प्रिंट डोळ्यांजवळ धरला की चपलेची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. तिनं बहुधा चालू व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेतलेत. फुल एचडी फ्रेमची रुंदी 1920 पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे ती फ्रेम जेमतेम साडेसहा इंच पुरते. ए-थ्रीची लांब बाजू साडेसोळा इंच आहे. तिच्याकडे मूळ प्रोजेक्ट फाइल असेलच. त्यातून हव्या त्या फ्रेम मोठ्या आकारात पीएनजी (चित्राची फाइल) करून काढायच्या, तयार व्हिडिओतून घ्यायच्या नाहीत. आणि संध्याकाळचं निळं आकाश छापताना जांभळट झालंय. स्क्रीनवरचा झळाळता निळा छपाईच्या शाईत बसत नाही. म्हणून आधी चार बोटं रुंदीची पट्टी छापून बघायची, मगच मोठा कागद. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर उजेड पडला की पावलं दिसतच नाहीत.

दुसऱ्याच्या कार्टूनमधल्या फ्रेम मात्र परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, हे तिला आत्ताच सांगा.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावीनंतर चार वर्षांचं बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, त्यात उपयोजित कला (जाहिरात, पोस्टर, मुखपृष्ठं यांची). त्यासाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डिझाइनकडे ओढा असेल तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट किंवा आयआयटीची यूसीड, याही प्रवेश परीक्षाच. तिन्हीकडे चित्रकलेचा हात तपासतात, तेव्हा कॉम्प्युटरच्या नादात रोजचं स्केचिंग सुटू देऊ नका. नुसते प्रिंट विकून घर चालेल असं मी सांगणार नाही. पहिली काही वर्षं तरी पोट डिझाइनच्या कामावर भरावं लागेल.

शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शन लागलं की तिला घेऊन जा, आणि तिच्या बाबांनाही. तोवर हाच प्रिंट वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा काढायला लावा. चप्पल नसलेलं पाऊल तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं का, तेही विचारून कळवा.