‘ड्रिलिंग परमिट’ मुलाच्या नावावर निघत नाही

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्रातील तेलविहिरींवरच्या नोकरीसाठी ‘ड्रिलिंग परमिट’ काढून देतो, असे सांगून एका एजंटाने लाखभर रुपये मागितले असून, सोयाबीनचे आलेले पैसे त्यात घालावेत का, असे आपण वणी तालुक्यातून विचारले आहे. घालू नयेत.

विहीर खोदण्याचे परवाने कंपनीला मिळतात. समुद्रातील क्षेत्राचा परवाना केंद्र सरकार देते, त्याला पर्यावरण मंजुरीची जोड लागते, आणि 2008 साली आलेल्या समुद्री सुरक्षेच्या नियमांची अंमलबजावणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपवलेली आहे. या कागदांशी नव्या डिप्लोमाधारकाचा संबंध येत नाही.

त्याच्या हाती रोज येईल ते कामाचे परमिट. आपल्याकडे लाइनमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनवरून परमिट घेतो आणि ते परत केल्याशिवाय लाइन सुरू करायची नसते. रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या मंचावरही, तोच नियम आहे, फक्त प्रकार अधिक. वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाला ‘हॉट वर्क’, टाकीत उतरायला ‘कन्फाइन्ड स्पेस’, शिवाय उंचीवरच्या आणि विजेच्या कामाला वेगळे परमिट. त्यावर जागा, वेळ, वायूच्या तपासणीचे आकडे, बंद केलेले व्हॉल्व्ह आणि जबाबदार माणसाची सही असते. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलमंचावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्याचे परमिट रात्रपाळीच्या ध्यानात आले नाही, तो पंप सुरू झाला आणि पुढच्या स्फोट-आगीत 167 माणसे गेली. पाळी बदलताना तो कागद नीट वाचणारा माणूस कंपनीला हवा असतो, आणि माझ्या मते ही सवय मुंबईला न जाताही लागू शकते.

म्हणून डिप्लोमा संपताच मुलाने चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात अप्रेंटिसशिपसाठी प्रयत्न करावा. तिथे देखभालीची कामे परमिटवरच चालतात आणि विद्यावेतनही मिळते. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या अप्रेंटिस भरतीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. पुढे शिकायचे असल्यास थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी प्रवेश घेता येतो. समुद्रात जीव वाचवण्याचे आणि पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण मात्र खरोखर व्यक्तीच्या नावे असते. पण नोकरी हाती येण्याआधी त्यावर खर्च करण्याची घाई नको, कारण त्या प्रमाणपत्राची मुदत ठरलेली असते.

एजंट पुन्हा आल्यास हे परमिट कोणते कार्यालय देते, एवढेच त्याच्याकडून सहीनिशी लिहून मागावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक