मुलगी कॉन्व्हेंटमध्ये तिसरीत आहे, घरी मराठी. गणितातली शाब्दिक उदाहरणंच का चुकतात?

बहुतेक वेळा गणित कच्चं नसतं, प्रश्नातलं इंग्रजी कळलेलं नसतं. असेंब्लीची प्रार्थना घडाघडा म्हणते यावर जाऊ नका, ते पाठांतर. रवीकडे १२ गोट्या, मीनाकडे ७, 'हाऊ मेनी मोअर?' विचारलं की 'मोअर' दिसताच मुलं वजाबाकीऐवजी बेरीज करून १९ लिहितात. 'लेफ्ट' म्हणजे इथे डावा नव्हे, उरलेलं, हेही सांगावं लागतं.

आधी प्रश्न मोठ्याने वाचून घ्या. मग पुस्तक मिटून तिला तो मराठीत सांगू द्या. सांगता आला नाही तर आकडेमोड नकोच, गोट्यांचं चित्र काढायला लावा. रोज ३ उदाहरणं, १५ मिनिटं पुरेत. पालकसभेत टीचरकडे मार्क नाही, चुकलेला पेपर मागा.