माटोळीची काकडी म्हणजे भाडं नव्हे

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. माझी मुलगी पणजीला कायद्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला. महिन्यातून दोन शनिवार ती मैत्रिणींबरोबर एका गावात कायदा मदत केंद्रावर जाते. लोकांची गाऱ्हाणी ऐकते आणि रात्री उशिरापर्यंत ती वहीत उतरवून काढते. तिचे बाबा म्हणतात, पणजीला पाठवली ती पंचायतीच्या बाकावर बसायला? त्यांच्या मते सुट्टीत तिनं मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जावं. शिवाय ती मराठी शाळेतून गेलेली. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात, इंग्रजी बोलताना अडखळते आणि घरी येऊन रडते. आमचं काही चुकतंय का?
— एक आई, वाळपई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते तिचं रात्री वही लिहीत बसणं. असं का, ते माझ्याच एका चुकीवरून सांगते.

मी शिकत होते तेव्हा आम्हीही असेच गावात जायचो. बार्देशातल्या एका गावी एक म्हातारी आली. माडाच्या भाटात, म्हणजे बागेत, तिचं घर, नवरा वारलेला, आणि भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, मुलगा घर खाली करा म्हणून मागे लागलेला. मी विचारलं, भाटकाराला काही देत होता का? ती म्हणाली, "दितालीं गो बाय, दर चवथीक." म्हणजे दर गणेशचतुर्थीला देत होते. मी वहीत लिहिलं : दरवर्षी भाडं देत होते.

संध्याकाळी आमच्या सरांनी वही वाचली आणि त्या एका शब्दावर बोट ठेवलं. भाडं म्हणजे पैसे का? किती? पावती आहे? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. पुढच्या शनिवारी बस पकडून मी पुन्हा तिच्याकडे गेले, पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगू दिलं. ती द्यायची ते गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायचं सामान : काकडी, दोडकी, सुपारीचा घोस. भाटकारीण तिला परत पाठवताना हातात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, ठेवायची.

आता कायदा बघा. गोव्याच्या १९७५ च्या मुंडकार कायद्यात मुंडकार म्हणजे भाटकाराच्या संमतीनं, भाडं न देता घरात राहणारा माणूस. घराचं भाडं भरणारा त्या व्याख्येत बसत नाही. माझी ती ओळ तशीच अर्जात उतरली असती तर मामलेदारासमोर समोरच्या वकिलाला आणखी काही बोलायचीही गरज पडली नसती. बाईचं घर माझ्या एका शब्दानं गेलं असतं. आज इतकी वर्षं फोंड्याला वकिली करते आहे, पण पक्षकाराच्या तोंडचा शब्द बदलून लिहायची वेळ आली की हात थांबतो.

तुमची मुलगी त्या बाकावर बसून हेच शिकते आहे, आणि हे शिकायला बाक सोडून दुसरी जागा नाही. मिरामारच्या साळगावकर कॉलेजचे विद्यार्थी गावोगावी अशी केंद्रं चालवतात, हे मला गोव्याच्या कायदा शिक्षणातलं मोलाचं काम वाटतं. तिला एवढंच सांगा, की त्या माणसाचे शब्द आधी जसेच्या तसे, कोंकणी असतील तर कोंकणीतच लिहायचे. कायद्याचा शब्द बाजूला, दुसऱ्या शाईनं. आणि वही त्याच रात्री पुरी करायची, दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही.

आता मूट कोर्ट. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत प्रत्यक्ष कामाचे चार पेपर सक्तीचे आहेत. त्यातला मूट कोर्टाचा पेपर १०० गुणांचा. तीन मूट मिळून ३० गुण, त्यातही निम्मे लेखी निवेदनाचे. म्हणजे उभं राहून बोलायचे अवघे १५! दोन खटले कोर्टात बसून पाहायचे, एक दिवाणी आणि एक फौजदारी, त्याचे ३०. वकिलाकडे पक्षकाराच्या मुलाखती पाहणं आणि कागदपत्रं कशी तयार होतात, दाखल कशी होतात ते टिपणं, त्याचे ३०. उरलेले १० तोंडी परीक्षेचे. पोरगी १५ गुणांसाठी रडते आहे आणि मोठ्या वाट्याची तयारी तिची आधीच चालू आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

इंग्रजी मात्र टाळता येणार नाही, तिथे मी तिची समजूत काढणार नाही. आपल्याकडे दावे, कैफियती, अर्ज इंग्रजीतच लिहावे लागतात आणि पर्वरीला हायकोर्टात युक्तिवादही इंग्रजीतच होतो. तिनं एखाद्या वकिलाकडून नीट लिहिलेला जुना दावा मागून घ्यावा आणि आठवड्याला एक, हातानं उतरवून काढावा. टाइप करून नव्हे. मीही मराठी शाळेतलीच, माझं इंग्रजी असंच बसलं. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा तो कोंकणी किंवा मराठीच बोलतो, आणि तो काय बोलला नि काय गिळलं हे कळणारा वकील तिथे लागतो.

मुंबईबद्दल तिच्या बाबांना सांगा, जरूर पाठवा, पण एकदा. पाच वर्षांच्या कोर्सला निदान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. फर्म चालते, तशी सामाजिक संस्था चालते, आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही चालते. पंचायतीचा बाक नियमात बसतो, हे त्यांना मुद्दाम सांगा! खटले आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे मात्र निदान एकदा काम करावंच लागतं. ते तिनं इथेच, गोव्यात करावं. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी निम्मी असते. जमीन विकायची तर विक्रीपत्रावर दोघांच्या सह्या हव्यात. वाटण्यांसाठी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून द्यायची कोर्टातली प्रक्रिया, चालते, आता ती २०१२ च्या कायद्याखाली. मुंबईच्या कुठल्याही फर्ममध्ये हे शिकायला मिळायचं नाही, आणि वाळपईत परतल्यावर तिच्याकडे येणारं पहिलं काम बहुधा हेच असेल.

प्रश्न : तीन वर्षांचं एलएलबी झालं. वकिलीच्या सनदेसाठी एक ओळखीचे गृहस्थ बरेच हजार रुपये सांगतात. इतकी फी असते का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की नोंदणी फी सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाही. गोव्यातल्या वकिलांची नोंदणी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, मुंबईला होते. अर्ज स्वतः भरा, मध्ये कोणी नको. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हा. ती पुढे ढकलू नका.

प्रश्न : आमच्या गावात कॉलेजची मुलं येतात. ती माझी केस कोर्टात चालवतील का? मी विधवा आहे, वकील परवडत नाही.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बाई, मुलांना कोर्टात उभं राहता येत नाही, त्याला सनद लागते. पण तुम्हाला सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला तो हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, आणि तो अर्ज लिहून द्यायला हीच मुलं उपयोगी पडतात. १५१०० या नंबरवर फोन केलात तरी चालेल. केंद्रावर जाताना जमिनीचा एक चौदाचा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, जे सापडेल ते न्या. त्यांना मूळ कागद दाखवा, पण हातात झेरॉक्सच द्या, आणि मूळ कागद घरी परत आले का ते मोजून घ्या.